आवाजाचा लगाम

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले ते कर्ण्यासमोर. त्या काळी ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन वापरात नव्हता. आवाज कर्ण्यातून थेट सुईपर्यंत जाई आणि सुई मेणात चर कोरी. स्वर फार नाजूक लागला तर तो तबकडीच्या खरखरीत बुडे. फार जोरात लागला तर सुई बिथरे. म्हणून गायकाने हळुवार जागी कर्ण्याजवळ यावे आणि तार स्वराला मागे सरावे, अशी रीत पडली. कोणी विसरलाच, तर यंत्रज्ञ त्याला हाताने मागे ओढी! आज ज्याला ‘कंप्रेशन’ म्हणतात, त्याचे मूळ या पुढेमागे सरण्यात आहे.

१९२५ मध्ये विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि आवाजाचा हा लगाम यंत्रज्ञाच्या बोटांत गेला. परंतु कानाने ऐकून बोट हलेपर्यंत स्वर निसटून जाई. तेव्हा १९३० नंतर हे काम आपोआप करणारी यंत्रे रेडिओकेंद्रांत आली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जेम्स लॉरेन्स यांच्या ‘एलए-टू-ए’ यंत्राने तर गंमतच केली. आवाज चढला की आतली प्रकाशपट्टी उजळे, तो उजेड प्रकाशाला जागणाऱ्या घटकावर पडे आणि आवाज उतरे.

या यंत्रांचे गणित सोपे आहे. एक उंबरठा ठरवायचा. चारास एक हे प्रमाण ठेवले, तर उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर जाणारा स्वर ३ डेसिबलच वर राहतो. चटकन आवळले तर तबल्याची थाप बोथट होते. किंचित उशिरा आवळले तर थाप शाबूत राहून मागची आस तेवढी दबते.

शिकणाऱ्याची खरी फसगत पुढेच आहे. शिखरे दबली की वर जागा होते आणि सगळेच गाणे उचलता येते. कानाचा स्वभाव असा, की जरा मोठे ते त्याला बरे वाटते. म्हणून जाणते सांगतात : आधीचे आणि नंतरचे गाणे सारख्याच मोठेपणाने ऐका, मग निवाडा करा.

नवशिक्याची ही चूक पुढे साऱ्या व्यवसायाने केली. १९८२ मध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला घेऊन कॉम्पॅक्ट डिस्क आली. सुई गेली, खरखर गेली. लगाम सैल सोडायची वेळ आली होती. पण शेजारच्या गाण्यापेक्षा आपले मोठे वाजावे या चढाओढीत १९९० नंतर तो अधिकच आवळला गेला. २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ निघाला, तेव्हा श्रोत्यांनीच सह्या गोळा करून नवे मिश्रण मागितले. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारणसंघाने सरासरी मोठेपणाचे माप ठरवून दिले. त्या मापापुढे ओरडणारे गाणे खालीच आणले जाते.

कर्ण्यापुढचा गायक मागे सरे, तो हळुवार स्वरही तबकडीत टिकावा म्हणून. संगणकावर गाणे बसवणाऱ्या आजच्या मुलालाही एवढेच शिकायचे आहे. मोठा स्वर मोठा वाटतो, तो शेजारी लहान स्वर असतो म्हणून.