औषधाची पहिली चाळणी यकृतात नव्हे, लहान आतड्यात

तोंडावाटे घेतलेल्या काही औषधांचा मोठा हिस्सा यकृतापर्यंत पोहोचण्यापूर्वीच लहान आतड्याच्या अस्तरात नष्ट होतो. आतडे हा केवळ शोषणाचा मार्ग असून औषधांचे विघटन हे प्रामुख्याने यकृताचे काम आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. त्याला छेद देणारा थेट पुरावा १९९१ मध्ये अमेरिकेत मिळाला. यकृत प्रत्यारोपणात जुने यकृत काढल्यानंतर आणि नवे कार्यान्वित होण्यापूर्वीच्या अल्पकाळात संशोधकांनी दोन रुग्णांच्या लहान आतड्यात सायक्लोस्पोरिन हे औषध सोडले. शरीरात यकृत नसतानाही आतड्याकडून येणाऱ्या रक्तात या औषधाचे विघटित घटक आढळले.

हे विघटन आतड्याच्या आतील पेशींमधील ‘सीवायपी ३ए४’ हे विकर (एन्झाइम) घडवून आणते. याच पेशींच्या पृष्ठभागावर ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ हे प्रथिन असते. आत शिरलेल्या औषधाचे रेणू ते पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलते. बाहेर टाकलेला रेणू पुढे कुठेतरी पुन्हा पेशीत शिरतो आणि पुन्हा विकराच्या तावडीत सापडतो. त्यामुळे विकराचे आतड्यातील प्रमाण यकृताच्या तुलनेत बरेच कमी असूनही त्याचा प्रभाव मोठा ठरतो.

हा प्रभाव किती मोठा आहे, हे एका फळामुळे योगायोगाने समजले. फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा मद्याशी होणारा परिणाम कॅनडातील संशोधक तपासत होते. मद्याची चव लपविण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक भरली. हे निरीक्षण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. रसातील फ्युरानोकौमरिन ही द्रव्ये आतड्यातील विकर कायमचे निकामी करतात आणि पेशींना ते नव्याने तयार करावे लागते. रस सकाळी व गोळी रात्री घेऊन धोका टळत नाही, तो याच कारणाने. परिणाम एक ते तीन दिवस टिकू शकतो. ग्रेपफ्रूट भारतात फारसे खाल्ले जात नाही. मात्र ज्या पपनसापासून त्याचा संकर झाला, ते फळ गणेशोत्सवाच्या सुमारास महाराष्ट्र व गोव्याच्या बाजारांत असते आणि त्यातही ही द्रव्ये आढळतात. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना ते टाळण्यास सांगितले जाते.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिनचा परिणाम नेमका उलट होतो. ते आतड्यातील विकर व पी-ग्लायकोप्रोटीन या दोहोंचे प्रमाण वाढविते. जर्मनीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या आतड्यात पी-ग्लायकोप्रोटीन सुमारे साडेतीन पटींनी वाढले आणि तोंडावाटे दिलेल्या डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाची रक्तातील पातळी घटली. शिरेतून दिलेल्या डिगॉक्सिनवर परिणाम तुलनेने कमी होता. गर्भनिरोधक गोळ्या आणि एचआयव्हीवरील काही औषधेही रिफाम्पिसिनमुळे निष्प्रभ ठरू शकतात. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात असल्याने ही बाब येथील डॉक्टरांच्या रोजच्या कामातील आहे.

उपचार संपल्यावरही सावधगिरी लागते. रिफाम्पिसिन थांबविल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत विकराचे प्रमाण पूर्ववत होते. त्या काळात वाढवून दिलेली टॅक्रोलिमससारख्या औषधाची मात्रा कमी केली नाही, तर तीच मात्रा मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकते.