संत मॅक्रिना आणि तिचे बंधू

चौथ्या शतकातील ख्रिस्तसभेच्या इतिहासात बेसिल आणि न्यिसाचा ग्रेगरी या बंधूंची नावे मोठ्या आदराने घेतली जातात. त्यांची वडील बहीण मॅक्रिना आपल्याला ठाऊक आहे ती ग्रेगरीने तिचे चरित्र लिहिले म्हणून. बेसिलवर विसंबून राहिलो असतो, तर ती कधी होऊन गेली हेही आम्हांस कळले नसते.

तिचा जन्म इ. स. ३२७ च्या सुमारास, आज तुर्कस्तानात मोडणाऱ्या मुलखातील एका सधन कुटुंबात झाला. बाराव्या वर्षी तिचा वाङ्‌निश्चय झाला, परंतु नियोजित वर विवाहापूर्वीच वारला. पुढे नवी स्थळे सुचवली जाऊ लागली, तेव्हा तिने सांगितले की तो मेलेला नाही, दूरच्या प्रवासास गेला आहे. प्रवासी पतीशी प्रतारणा करणे योग्य नव्हे. पुनरुत्थानावरील श्रद्धेचा इतका व्यवहारी उपयोग फारच थोड्यांनी केला असेल!

बेसिल अथेन्सहून परतला तो वक्तृत्वाच्या ताठ्यातच. त्याला वैराग्याच्या मार्गास मॅक्रिनेने लावले, असे ग्रेगरी सांगतो. पाँटस प्रांतात, आयरिस नदीकाठी, अन्निसा येथे कुटुंबाची जमीन होती. तेथे आपल्या दासींना बहिणींप्रमाणे वागवावे, अन्न आणि अंथरूण सर्वांचे एकच असावे, यासाठी तिने मातेचे मन वळवले. बेसिलच्या पत्रसंग्रहात तीनशेंहून अधिक पत्रे आहेत. आपण गाढ झोपेतून जागे झाल्याचे तो एका पत्रात लिहितो. जागे कोणी केले ते लिहीत नाही. आजीचे नावही मॅक्रिनाच होते. तिचा उल्लेख तो अभिमानाने करतो; बहिणीचा एकदाही नाही. हे मौन आम्हांस खटकते.

ग्रेगरीस बेसिलने न्यिसा या लहानशा गावी बिशप नेमले. पुढे सम्राट व्हॅलेन्सच्या राजवटीत त्याला पदच्युत होऊन परागंदा व्हावे लागले. भावाबहिणीची भेट जवळजवळ आठ वर्षे झाली नाही. दूरच्या नेमणुकीवर असणाऱ्या वाचकांस या आठ वर्षांचा अर्थ आम्ही काय सांगावा! बेसिलच्या निधनानंतर, इ. स. ३७९ च्या सुमारास, अँटिऑकची धर्मपरिषद आटोपून तो अन्निसेस आला. मॅक्रिना जमिनीवर ठेवलेल्या फळीवर पडून होती. ज्वर चढलेला, श्वास अडखळत होता. बेसिलचे नाव निघताच ग्रेगरीस रडू आवरेना. तिने मात्र आत्म्याच्या अमरत्वाविषयी बोलणे सुरू केले. मग तो स्वतःच्या हालअपेष्टा सांगू लागला. तिने त्याचे सांत्वन केले नाही, उलट कानउघाडणी केली. आपल्या वडिलांची कीर्ती स्वप्रांताबाहेर गेली नाही. तुला दूरदूरच्या ख्रिस्तसभा साहाय्यासाठी बोलावतात, आणि तू गाऱ्हाणी सांगतोस?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस दिवा आत आणला गेला. तिने डोळे उघडले. सायंप्रार्थना म्हणावयाची होती, पण आवाज फुटला नाही. ओठ आणि हात तेवढे हलले, आणि प्रार्थना संपताच तिने प्राण सोडला.

पुढे आत्मा व पुनरुत्थान यांवर लिहिलेल्या संवादात ग्रेगरीने तिला गुरू म्हटले आहे. त्यातील तर्क तिचा किती, त्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही; पण त्या काळी एका बिशपाने एका स्त्रीस हे नाव द्यावे, हे आम्हांस लहान वाटत नाही.

अंत्यवस्त्रांची विचारपूस केली, तेव्हा आश्रमातील लँपेडिऑन या बाईने सांगितले की अंगावरचा झगा, डोक्यावरचे वस्त्र आणि झिजलेली पादत्राणे हीच तिची सारी मत्ता. शेवटी ग्रेगरीने आणलेली वस्त्रे नेसवून वर मातेचा काळसर झगा घातला. गळ्यातील दोऱ्यात एक लोखंडी क्रूस आणि एक लोखंडी अंगठी सापडली. क्रूस त्याने तिची सेवा करणाऱ्या वेटियानेस दिला. अंगठी स्वतःकडे ठेवली.