चंदेरी रंगाविना लखलखणारी बंदूक

‘वॉरहॅमर ४०,०००’ या युद्धखेळातल्या सैनिकाच्या छोट्या मूर्तीच्या हातची बोल्टर बंदूक जेमतेम सेंटीमीटरभर लांब. रिक प्रीस्टलीने रचलेला हा खेळ १९८७ मध्ये इंग्लंडात बाजारात आला. बंदूक रंगवायची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे काळं अस्तर, वर चंदेरी रंग आणि खाचांत काळसर पातळ रंग. हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपने आपल्या एका गडद चंदेरी रंगाचं नावच ‘बोल्टगन मेटल’ ठेवलं होतं. २०१२ मध्ये त्याची जागा ‘लेडबेल्चर’ने घेतली. टेबलावर अख्खी फौज उतरवायची असेल तर ही रीत उत्तमच.

मूर्ती रंगवण्याच्या स्पर्धांत मात्र मूर्तींवर वेगळंच काम दिसतं. शस्त्रं लखलखत असतात आणि त्यांवर धातूचा कणही नसतो. करडा, निळसर काळा, तपकिरी, पांढरा, एवढ्यावर सगळं भागवलेलं. या तंत्राला ‘नॉन-मेटॅलिक मेटल’ किंवा नुसतं ‘एनएमएम’ म्हणतात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या रॅकहॅम या फ्रेंच कंपनीच्या चित्रकारांनी ते गाजवलं. त्यांच्या मूर्ती जादूच्या दुनियेतल्या, तलवारी-चिलखतांच्या. पण ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या अंतराळातल्या सैनिकांनाही ते तंत्र लवकरच मिळालं.

त्याचं कूळ मात्र फार मागे जातं. १४३५ मध्ये लेऑन बात्तिस्ता आल्बेर्तीने ‘दे पिक्तुरा’ हा चित्रकलेवरचा ग्रंथ लिहिला. चित्रांत सोन्याचा वर्ख सढळ हाताने लावण्याचा तो काळ, आणि आल्बेर्तीला ते मान्य नव्हतं. व्हर्जिलच्या काव्यातल्या डायडो राणीचा बाणांचा भाता सोन्याचा आहे. तोसुद्धा साध्या रंगांनीच सोन्यासारखा दाखवावा, चित्रकाराची खरी कर्तबगारी त्यात, असं तो सांगतो. त्याने दिलेलं कारण मला फार मोलाचं वाटतं. सपाट फळीवरचा वर्ख उजळ दिसायला हवा तिथे काळवंडतो आणि गडद हवा तिथे चमकतो. वर्ख खोलीतला उजेड परतवतो, चित्रातल्या उजेडाशी त्याचा काही संबंध नसतो.

सेंटीमीटरभर बंदुकीची अडचण हीच. खऱ्या तोफेच्या नळीवर प्रकाशाची लांब रेघ पडते. चिमुकल्या नळीवर चंदेरी रंग सगळीकडे सारखाच लुकलुकतो आणि आकार हरवतो. म्हणून उजेड कुठून येतोय हे आधी ठरवायचं, नळीच्या वरच्या अंगाला पांढरी रेघ ओढायची आणि तिला लागूनच जवळजवळ काळा रंग भरायचा. सारं रहस्य या शेजारात आहे: कापडावर उजेड हळूहळू मावळतो, घासूनपुसून लख्ख केलेल्या धातूवर तो एकदम तुटतो.

विज्ञानकथेने या कुळाला आणखी एक शाखा दिली, क्रोमची. वर आकाशाचा निळा, मधे क्षितिजाची गडद पट्टी, खाली जमिनीचा तपकिरी. एअरब्रशने काम करणाऱ्या चित्रकारांनी ही मांडणी रुळवली. हाजिमे सोरायामाचं १९८३ चं ‘सेक्सी रोबॉट’ हे चकचकीत यंत्रमानवांचं पुस्तक त्यातलं सर्वांत परिचित.

शिरस्त्राणाची काच किंवा बंदुकीच्या दुर्बिणीचं भिंग रंगवताना वरचा भाग गडद ठेवतात, खालचा उजळ, आणि गडद कोपऱ्यात पांढरा ठिपका देतात. १४३२ मध्ये पुऱ्या झालेल्या गेंटच्या वेदीचित्रात यान व्हॅन आयकने रत्नांवर असेच ठिपके दिले आहेत. तो ठिपका शेवटी द्यायचा, टोकदार ब्रशने आणि ओल्या रंगाने; रंग टोकावरच सुकला तर ठिपका उठत नाही.

एनएमएमवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. चित्र भिंतीवर स्थिर असतं, मूर्ती हातात फिरते. रंगवलेली चमक मात्र जागची हलत नाही. त्यामुळे मूर्तीची एक मुख्य बाजू ठरवून सगळ्या रेघा तिच्या हिशेबाने बसवाव्या लागतात. काहींनी यावर मधला मार्ग काढला आहे. ते धातूचा रंगच वापरतात, पण सावल्या आणि उजेडाच्या रेघा एनएमएमच्याच नियमाने रंगवतात. त्याला ‘ट्रू मेटॅलिक मेटल’ म्हणतात, आणि मूर्ती फिरवली तरी नळीचा गोलवा टिकून राहतो.