पहिले सोपे गाणे

रावपुऱ्यातील आमच्या शेजारी गेल्या वर्षी एक गिटार आली. घरातील चौदा वर्षांच्या मुलाने पहिल्याच दिवशी आम्हांस विचारले, "काका, सर्वांत सोपे गाणे कोणते?" देवळातील भजनमंडळीत ही गोष्ट निघाली तेव्हा एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमच्या वडिलांच्या काळी शिष्याने गाणे मागायचे नसे. गुरूने द्यायचे असे." या दोन वाक्यांमध्ये बडोद्याच्या संगीताचा मोठा इतिहास दडला आहे.

एकेकाळी रागदारीची विद्या घराण्याच्या चार भिंतींत राहत असे. शिष्याने उस्तादांची सेवा करावी, महिनोन्‌महिने स्वर आणि पलटे घोटावेत. चीज केव्हा मिळेल हे उस्तादांच्या मर्जीवर. सामान्य गृहस्थाच्या मुलास हा मार्ग दुर्गम होता. मुलीस तर बंदच म्हणावा.

१८८६ साली महाराज सयाजीरावांनी बडोद्यात गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्ष यांच्या हाती दिली. उत्तरेत जन्मून दक्षिणेत कर्नाटक संगीत शिकलेल्या या गुणी पुरुषाने स्वतःची स्वरलिपी रचली आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके छापली. प्रथमपाठ कागदावर आला. तो कोणासही पाहता येऊ लागला. १८९६ साली मौलाबक्ष निवर्तले. रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोराही त्याच वर्षीचा. त्यांची शाळा मात्र आजही महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या रूपाने नांदत आहे.

पुढे १९१६ साली याच नगरीत पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार पंडित भातखंडे हे आमच्याच पेशाचे, म्हणजे वकील. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत नवख्या विद्यार्थ्यासाठी सरगमी आहेत आणि लक्षणगीतेही आहेत. रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगणारे गीत ते लक्षणगीत. सोपे गाणे म्हणजे हलके गाणे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

तथापि वृद्धांचा आक्षेप आम्ही फेटाळणार नाही. मींड आणि आंदोलन कागदावर पुरते उतरत नाही. बडोद्याच्या दरबारचे गायक फैयाजखाँ १९५० साली गेले. त्यांची गायकी केवळ पुस्तकावरून कोणास साधली असती? न्यायालयाच्या भाषेत सांगावयाचे तर स्वरलिपी हा दस्तऐवज आणि गुरू हा प्रत्यक्ष साक्षीदार. दस्तऐवजामुळे दावा दाखल होतो; पण त्यातील संदिग्ध शब्दाचा अर्थ साक्षीदारासच विचारावा लागतो.

आमच्या शेजारच्या मुलाजवळही असाच एक दस्तऐवज होता: सहा तारांसाठी सहा आडव्या रेघा, आणि बोट कोणत्या पडद्यावर ठेवायचे ते सांगणारे आकडे. ही युक्ती जुनी आहे. १५४६ साली स्पेनमधील सेव्हिल येथे मुदार्राने गिटारच्या रचना अशाच आकड्यांत छापल्या होत्या. मुलाने अखेर देवळातील सायंआरतीची चाल निवडली आणि तिचे आकडे स्वतःच मांडले. एक स्वर मात्र जुळेना. तो दोन पडद्यांच्या मधला होता. त्याच वृद्ध गृहस्थांनी तो दोनदा गाऊन दाखवला. मुलाने ऐकले, बोटाने तार किंचित ओढली, आणि स्वर लागला.

"हे तुझ्या कागदावर कसे लिहिशील?" वृद्धांनी विचारले. मुलाने आकड्यापुढे एक लहानसा बाण काढला. वृद्धांनी चष्मा चढवून तो बाण बराच वेळ न्याहाळला, आणि दुसऱ्या दिवशी मुलास नवी चाल दिली. ती त्याने मागितलेली नव्हती.