दगडाबाईंचा घोडा

आपल्या जालन्याला समुद्र नाही, तरी आज सुरुवात समुद्रापासून करते. गाझाचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकता. तिथल्या पोरापोरींवर ‘गाझा सर्फ क्लब’ नावाचा माहितीपट 2016 साली आला. चहूकडून नाकेबंदी, आणि ही तरुण मंडळी एका फळीवर उभी राहून लाटांवरून सरसर घसरत येतात. तेवढा वेळ त्यांना कुणाचा पहारा नाही. त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. लहानपणी ती बिनधास्त लाटांवर जायची. वयात आली, लोक बोलायला लागले आणि फळी सुटली. मग एक दिवस वडील तिला होडीबरोबर किनाऱ्यापासून लांब नेतात, आणि ती पुन्हा फळीवर चढते.

ते बघताना मला आपल्या दगडाबाई शेळके आठवल्या. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण आपण नाही. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात आणि निजामाच्या राज्यात होतं. पुढचे तेरा महिने कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत होती. पूर्वेला वऱ्हाडची हद्द ओलांडली की भारताचं राज्य, अलीकडे निजामाचं. निरोप, बंदुका, बॉम्ब इकडून तिकडे न्यायचे तर चालणारं माणूस पुरत नव्हतं. दगडाबाई घोड्यावर बसत. पुरुषी वेश करून, हत्यारं घेऊन त्या जात. मराठवाड्याची झाशीची राणी, असं लोक त्यांना म्हणायला लागले.

मला मात्र राणीपेक्षा ती शेतकऱ्याच्या घरातली सून जास्त दिसते. तिच्या आसपासच्या बाया विहिरीवर जायच्या तर डोक्यावरचा पदर सावरत. हिनं लगाम धरला. एरवी गावानं हे चालू दिलं असतं का? मला नाही वाटत. लढा होता, गरज होती, म्हणून कुणी अडवलं नाही. गाझातल्या पोरीला मोठी होताना फळी सोडावी लागली. दगडाबाईंना घोडा मिळाला तो लग्नानंतर, तोही आणीबाणीच्या वेळी.

13 सप्टेंबर 1948 ला भारताचं सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि 17 तारखेला निजाम शरण आला. दरवर्षी त्या दिवशी आपण झेंडावंदन करतो. भाषणांत स्वामी रामानंद तीर्थांचं नाव येतं, यायलाच हवं. दगडाबाईंचं कधी येतं, कधी राहून जातं.

आता आपल्या पोरींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जायला सायकल मिळते. माझ्या पुतणीलाही मिळाली होती. पाच किलोमीटरची वाट ती गाणी म्हणत कापायची. बारावी झाली, लग्न ठरलं. परवा गावी गेले तर सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली, चाकात हवा नाही. मी दादाला म्हटलं, “पंप कुठंय?” तो म्हणाला, “आता कोण चालवणार?” पुतणी चुलीपाशी होती. तिनं आतूनच सांगितलं, “फडताळात आहे, आत्या.”