हेडलाइट घरी काढताना : दोन मिलिमीटरचा फरक, घाटातला धोका

खुलताबाद : हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातील शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी हजारो भाविक पायी निघतात. दौलताबादच्या तटबंदीतील अरुंद दरवाजा, पुढे घाटाची वळणे आणि कडेने चालणारी माणसे असा सुमारे २५ किलोमीटरचा हा रस्ता आहे. या रस्त्याने रात्री जाणाऱ्या वाहनाचा हेडलाइट नेमका कोठे पडतो, यावर पायी चालणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते. हौसेने घरच्या घरी हेडलाइट काढून पुन्हा बसविणाऱ्या वाहनधारकांनी ही गोष्ट सर्वप्रथम ध्यानात घ्यायला हवी.

वेगवान गाड्यांची हौस या परिसराला नवी नाही. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि पुढे ऑडीच्या गाड्यांची जुळणीही तेथेच होऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील ग्राहकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. त्या काळातील अनेक गाड्या आता जुन्या झाल्या असून, त्यांच्या हेडलाइटच्या काचा पिवळट पडू लागल्या आहेत.

काच पिवळी का पडते?

आजच्या हेडलाइटची 'काच' प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. उन्हातील अतिनील किरणांपासून बचावासाठी तिच्यावर पातळ लेप दिलेला असतो. मराठवाड्याच्या कडक उन्हात आणि धुळीत हा लेप झिजला की काच धुरकट होते व प्रकाश विखुरतो. अशी काच पेट्रोल किंवा थिनरने पुसणे घातक ठरते, कारण त्यामुळे प्लास्टिकला बारीक तडे जातात. पॉलिश करून काच उजळता येते. मात्र नवा संरक्षक लेप दिला नाही, तर काही महिन्यांतच ती पुन्हा पिवळी पडते.

काढण्यापूर्वी

स्पोर्ट्स कारचे नाक बुटके व निमुळते असते. त्यामुळे बहुतेक गाड्यांत हेडलाइटचा एखादा तरी बोल्ट बंपरखाली दडलेला असतो. बंपर पूर्ण काढावा लागतो की सैल करून भागते, हे त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहूनच काम सुरू करावे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन व दिवे थंड होऊ द्यावेत आणि बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबावे. एअरबॅगचे संवेदक पुढच्या भागात असल्याने ही दक्षता आवश्यक आहे.

झेनॉन दिव्यांच्या बाबतीत तर हयगय नकोच. हा दिवा पेटताना त्याला २० हजार व्होल्टहून अधिक दाबाचा झटका दिला जातो. बॅटरी जोडलेली असताना त्याच्या वायरिंगला हात लावणे जिवावर बेतू शकते.

काढण्याची रीत

बंपर, मडगार्ड आणि बॉनेट यांच्या कडांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे रंगावर ओरखडे पडत नाहीत. बंपरचे वरचे स्क्रू आणि चाकाच्या कमानीतील क्लिप काढून बंपर पुढे घ्यावा. तो एकट्याने ओढू नये. दुसऱ्या टोकाला मदतनीस असावा. हेडलाइटचे बोल्ट सोडविण्यापूर्वी त्यांच्या डोक्याभोवती खुणा करून ठेवाव्यात. पुन्हा बसविताना मूळ जागा याच खुणांवरून सापडते.

साधारणपणे तीन-चार बोल्ट निघाले की हेडलाइट सरळ पुढे सरकतो. तो अडला तर जोर लावू नये; एखादा बोल्ट राहिला आहे असे समजून शोधावा. कपलरची कळ दाबूनच जोड सोडवावा, तार धरून ओढू नये आणि हेडलाइट तारेवर लोंबकळत ठेवू नये. हॅलोजन बल्ब बदलायचा असल्यास त्याच्या काचेला बोट लावू नये. त्वचेचा तेलकटपणा काचेवर राहिला, तर तेवढाच भाग जास्त तापून बल्ब लवकर निकामी होतो.

बसविताना

बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवावेत व मगच पान्याने आवळावेत. अति आवळल्यास प्लास्टिकचा कान तुटतो आणि मग पूर्ण हेडलाइट बदलण्याची वेळ येते. मागचे रबरी झाकण नीट बसले नाही, तर पावसाळ्यात आत पाणी शिरते. काचेच्या आत सकाळी किंचित धुके दिसून ते दिवा लागल्यावर विरले, तर चिंतेचे कारण नाही. थेंब साचत असतील तर मात्र जोड तपासावा. बॅटरी जोडल्यावर पार्किंग लाइट, डिपर, अप्पर आणि इंडिकेटर एकेक करून पाहावेत.

खरे काम भिंतीसमोर

हेडलाइट लागला म्हणजे काम संपले, असे नाही. जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीचा दिवा एक टक्का खाली झुकलेला असेल, तर त्याचा डिपर सुमारे ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. झुकाव दोन टक्के झाला की हे अंतर निम्मे होते आणि शून्य झाला की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो. एक टक्का म्हणजे किती? २० सेंटिमीटर लांबीच्या हेडलाइटचे एक टोक अवघे दोन मिलिमीटर हलले, तरी एवढा फरक पडतो.

म्हणून टायरमध्ये योग्य हवा भरून आणि चालकाच्या जागी माणूस बसवून गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटर अंतरावर उभी करावी. दिव्याची उंची कमी-जास्त करणारे बटण शून्यावर ठेवावे. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखावी. हेडलाइटवर एक टक्का असा आकडा छापलेला असल्यास डिपरची वरची कड त्या रेषेच्या पाच सेंटिमीटर खाली यायला हवी. आकडा वेगळा असल्यास त्या प्रमाणात अंतर बदलावे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे प्रकाशाची कड डावीकडे वर चढलेली दिसली पाहिजे. ती उजवीकडे चढत असेल, तर तो हेडलाइट उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशासाठी बनविलेला आहे. परदेशातून जुने सुटे भाग मागविणाऱ्यांची येथेच फसगत होते. आपोआप उंची जुळविणाऱ्या झेनॉन दिव्यांची अखेरची जुळवणी मात्र संगणकीय यंत्र असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्यावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार, दिव्यापासून आठ मीटर अंतरावर आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला तो दिवा दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे जवळपास उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. भद्रा मारुतीच्या वाटेवर रात्री चालणाऱ्या भाविकाचे डोळेही तेवढ्याच उंचीवर असतात.