मॅंगनीजचें विष आणि त्याचे साक्षीदार

नव्या पदार्थाचा गुण व्यापाऱ्याला आधीं कळावा आणि दोष मात्र मजुराच्या शरीरावर मागाहून उमटावा, असें उद्योगधंद्यांच्या इतिहासांत वारंवार घडलेलें आहे. मॅंगनीजची कथा याच जातीची आहे. १७७४ सालीं स्वीडनमध्यें गान या रसायनज्ञानें हा धातु वेगळा काढला. त्याच वर्षीं शेले यानें मॅंगनीजच्या काळ्या खनिजावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून क्लोरीन वायु मिळविला. पुढें कापड शुभ्र करणाऱ्या चूर्णासाठीं हा वायु लागूं लागला, आणि स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं हें काळें खनिज दळण्याचें काम सुरू झालें.

तेथील मजुरांच्या व्यथेकडे वैद्यकाचें लक्ष प्रथम वेधलें तें डॉ. कूपर यांनीं, १८३७ सालीं. काळ्या धुळींत वावरणाऱ्या या लोकांच्या पायांतलें बळ गेलें होतें. चालतांना ते पुढें झुकत व अडखळत. आवाज क्षीण झाला होता, तोंडांतून लाळ गळत असे. कूपर यांनीं दोष धुळीकडे लावला. परंतु त्यांच्यापाशीं साक्ष होती ती केवळ रोग्याच्या चालीची. शरीराच्या आंत काय बिघडलें आहे, हें पाहण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. त्यांचा निबंध मागें पडला, आणि १९०१ सालच्या सुमारास हॅम्बुर्ग व प्राग येथील वैद्यांना तोच रोग जणूं नव्यानें ओळखावा लागला.

पुढची साक्ष मुक्या प्राण्यांनीं दिली. १९२४ सालीं मेला या शास्त्रज्ञानें माकडांना मॅंगनीज क्लोराइड टोंचून दीर्घकाळ त्यांचें निरीक्षण केलें. त्यांचे अवयव आधीं अनावर हलूं लागले, मग ताठरले. मृत्यूनंतर पाहतां, मेंदूच्या खोल भागांतील, हालचालींचें नियंत्रण करणारे पेशीसमूह झिजलेले आढळले. ग्लासगोच्या मजुराच्या अडखळणाऱ्या चालीचें मूळ कोठें असावें, हें आतां दिसूं लागलें.

मग हा धातु सर्वस्वीं वैरीच काय? तसें नाहीं. १९३१ सालीं अमेरिकेंत उंदरांवर झालेल्या प्रयोगांवरून सिद्ध झालें कीं, अन्नांत मॅंगनीजचा अंशही नसेल तर प्राण्याची वाढ व प्रजनन यांत बिघाड होतो. शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारीं जीं प्रथिनें, म्हणजे एन्झाइमें, त्यांपैकीं कांहींना हा धातु लेशमात्र लागतोच. १९५५ सालीं मेनार्ड व कोटझियास यांनीं उंदरांच्या शरीरांत त्याचा माग काढला, तेव्हां पेशींना शक्ति पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांतच तो विशेष सांठतो असें दिसलें. जेथें त्याची थोडी गरज, तेथेंच अतिरेक झाल्यास घात!

हा घात किती लवकर सुरू होतो, याचें उत्तर भारतांत मिळालें. लखनौ येथें १९६५ सालीं औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र स्थापन झालें. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील प्रयोगांत सशांच्या श्वासनलिकेंत मॅंगनीज डायऑक्साइड घातलें असतां वृषणांतील ऊतींचा नाश झाला आणि ते वंध्य झाले. पण हा नाश चार ते आठ महिन्यांत सावकाश झाला. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मॅंगनीज क्लोराइडची एकच मात्रा सशांच्या शिरेंत टोंचली होती. पांचव्या दिवशीं पाहतां, शक्तिनिर्मितीस आवश्यक असें सक्सिनिक डिहायड्रोजनेज हें एन्झाइम वृषणांत मंदावलें होतें. ऊतींची रचना मात्र अद्याप अभंग दिसत होती. घर बाहेरून उभें होतें, आंतील चूल विझूं लागली होती.

या शतकाहून अधिक काळच्या शोधाचें सार हेंच, कीं विषाचा साक्षीदार उत्तरोत्तर आधींचा मिळत गेला: प्रथम चाल, मग ऊति, मग एन्झाइम. नागपूर जिल्ह्यांतील गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग येथें मॅंगनीजच्या खाणी आहेत. तेव्हां महाराष्ट्राला हा विषय परका नाहीं. मजूर धडधाकट चालतो, एवढ्यावरून त्याचें शरीर निर्दोष ठरत नाहीं. पाणी मारून धूळ बसवावी, हवा खेळती ठेवावी, तपासणी वेळच्या वेळीं व्हावी. पाय अडखळण्याची वाट पाहणें म्हणजे प्रयोगशाळेंतील त्या मुक्या जीवांची साक्ष व्यर्थ घालविणें होय.